चांदीच्या नॅनोप्लेट्स: द्रावण पिवळंच राहतं किंवा निळा रंग उडतो, तेव्हा काय तपासायचं

चांदीच्या त्रिकोणी नॅनोप्लेट्सचा, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या चपट्या कणांचा, प्रयोग दिसायला फार सोपा आहे. खोलीच्या तापमानाला चार रसायनं मिसळायची, शेवटी बोरोहायड्राइड टाकायचं आणि थांबायचं. अर्ध्या तासाच्या आसपास पिवळं द्रावण गडद होतं आणि मग काही सेकंदांत लालसर, हिरवट होत निळं होतं. एमएस्सीच्या प्रकल्पांत तो इतका लोकप्रिय आहे तो याच रंगांमुळे. आणि दर वर्षी मुलं तीच तक्रार घेऊन येतात: "सर, गेल्या आठवड्यात निळा आला होता, आज येतच नाहीये. सगळं तेच घेतलंय."

सगळं तेच नसतं. बाटल्यांवरची लेबलं तीच असतात.

हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की माझे पहिले दोन प्रश्न आता ठरून गेले आहेत: बोरोहायड्राइड कधी विरघळवलं, आणि पाणी कुठून आणलं? बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते. कृतीतली प्रमाणं बदलायची वेळ क्वचितच येते. तरी सगळेजण सुरुवात तिथूनच करतात आणि दोन आठवडे घालवतात.

मी इथे जी कृती गृहीत धरली आहे ती अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली. आपल्याकडे तिचीच रूपं फिरतात. ०.१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट २५ मिली, ३० मिलिमोलर ट्रायसोडियम सिट्रेट १.५ मिली, पीव्हीपीचं (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या पॉलिमरचं) द्रावण १.५ मिली, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ६० मायक्रोलिटर, आणि जोरात ढवळत असताना १०० मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड १०० ते २५० मायक्रोलिटर. बोरोहायड्राइडच्या प्रमाणानुसार प्लेटची जाडी साधारण ४ ते ७ नॅनोमीटरच्या दरम्यान बदलते. रुंदी त्याच्या कितीतरी पट असते.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच बेतलेली आहे. बोरोहायड्राइड चांदीच्या आयनांपासून बारीक कण बनवतं. पेरॉक्साइड त्याच वेळी ते कण खात असतं. ज्या कणांची स्फटिकरचना चपट्या वाढीला सोयीची असते ते या माऱ्यात तग धरतात, बाकीचे विरघळतात आणि त्यांची चांदी तग धरलेल्यांना मिळते. सिट्रेट प्लेटच्या वरच्या-खालच्या सपाट बाजूंना चिकटून बसतं, म्हणून वाढ फक्त कडांकडून होते. थोडक्यात, एक बांधणारा आणि एक पाडणारा यांच्यातला तोल म्हणजे हा प्रयोग. यातला कुणीही अशक्त झाला, किंवा क्लोराइडसारखा तिसराच कुणी मध्ये घुसला, की रंग बिघडतो.

लक्षणं

आधी बीकर पांढऱ्या कागदावर ठेवून नीट बघा. "झालं नाही" एवढ्याने काही कळत नाही. खालीलपैकी नेमकं काय दिसतंय ते वहीत लिहा.

- पिवळा रंग येतो, आणि तासाभरानंतरही पिवळाच राहतो.
- पिवळा रंग फार फिका येतो किंवा येतच नाही. द्रावण पाण्यासारखं राहतं.
- पिवळा होतो, मग केशरी-लाल होतो आणि तिथेच थांबतो.
- निळा येतो, पण काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी जांभळा, मग लालसर, मग पिवळा होतो.
- करडं, गढूळ द्रावण. तळाशी किंवा काचेवर काळपट थर.
- थंडीत चालणारा प्रयोग एप्रिल-मे महिन्यात बंद पडतो.

पहिली दोन लक्षणं सहसा बोरोहायड्राइड किंवा पेरॉक्साइडकडे बोट दाखवतात. तिसरं आणि चौथं जवळजवळ नेहमी क्लोराइडचं, म्हणजे पाण्याचं किंवा भांड्यांचं. पाचवं घाण भांडी किंवा पीव्हीपी-सिट्रेटची गडबड. सहावं म्हणजे बोरोहायड्राइड, दुसरं काही शोधू नका.

एक शिस्त मात्र पाळा. दोन बीकर शेजारी शेजारी लावा आणि त्यांत एकाच बाटलीचा फरक ठेवा. वैतागून सगळी द्रावणं एकदम ताजी केली की निळा येईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि महिन्याभराने तुम्ही परत तिथेच असाल.

फुकटची तपासणी: थांबलात का, आणि क्रम बरोबर होता का

काही जण दहा मिनिटांत बीकर ओतून देतात. पिवळ्या अवस्थेत बोरोहायड्राइड शिल्लक असतं. ते संपत आल्याशिवाय पेरॉक्साइडचा वरचष्मा होत नाही आणि निळ्याकडे प्रवास सुरू होत नाही. २५० मायक्रोलिटर टाकलं असेल तर १०० मायक्रोलिटरपेक्षा जास्त वाट बघावी लागणं साहजिक आहे. एक तास द्या.

बोरोहायड्राइड शेवटीच जायला हवं, आणि एका झटक्यात, भोवऱ्याच्या मध्यावर. थेंब थेंब टाकलं तर सुरुवातीचे कण वेगवेगळ्या वयाचे होतात आणि रंग मळकट येतो. ६० मायक्रोलिटर पेरॉक्साइड १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने घेत असाल तर आधी ते थांबवा. त्या पिपेटवर एवढं कमी आकारमान भरवशाचं नसतं.

बोरोहायड्राइड: दहा मिनिटांचं काम

हे पाण्यात विरघळलं की त्याच क्षणापासून पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडत संपत जातं. किती वेगाने, ते पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच ९ ला धरून हिशोब केला तर २५ अंशांना निम्मं बोरोहायड्राइड सुमारे ६ मिनिटांत संपतं. बर्फात ठेवलं तर तेवढ्यालाच ४० मिनिटांच्या वर लागतात. ४० अंशांना जेमतेम २ मिनिटं. जळगाव-नागपूरकडच्या ज्या प्रयोगशाळांत एसी नाही, तिथे मे महिन्यात हा प्रयोग का फसतो ते या तीन आकड्यांत आलं. प्रत्यक्षात द्रावण मुरतं तसा त्याचा पीएच वाढतो आणि ऱ्हास मंदावतो, म्हणून जुनं द्रावण अगदी मेलेलं नसतं. अर्धमेलं असतं, आणि तेच जास्त त्रासाचं.

करायचं असं: पाणी आधी बर्फात थंड करा. ३८ मिलिग्रॅम बोरोहायड्राइड तोलून १० मिली पाण्यात विरघळवा, बाटली बर्फातच ठेवा आणि पाच मिनिटांच्या आत वापरा. बाकी सगळी द्रावणं बीकरमध्ये तयार असली पाहिजेत. तराजूकडे सगळ्यात शेवटी जायचं. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन साठतो.

भुकटीकडेही बघा. चांगली भुकटी सुटी आणि कोरडी असते. गठ्ठे झाले असतील, भिंतीला चिकटली असेल, तर तिने हवेतला ओलावा घेतलाय. कोकणात पावसाळ्यात उघडलेली बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) नसेल तर फार टिकत नाही. मग ३८ मिलिग्रॅम तोलले तरी त्यात खरं बोरोहायड्राइड किती, कुणास ठाऊक.

याची उलट बाजूही असते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्याने वर्षभर जुन्या, मंदावलेल्या बाटलीवर प्रयोग बसवलेला असतो; प्रमाण वाढवून वाढवून निळा मिळवलेला असतो. नवी बाटली येते आणि प्रयोग "बिघडतो", कारण आता बोरोहायड्राइड खरोखरच जास्त झालेलं असतं. अशा वेळी मूळ प्रमाणावर परत या आणि १०० मायक्रोलिटरपासून सुरुवात करा.

पाणी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक इथे सगळ्यात कमी वेळ देतात.

क्लोराइड चांदीचा वैरी आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण किती कमी क्लोराइड पुरतं याचा अंदाज नसतो. सिल्व्हर क्लोराइडच्या विद्राव्यता गुणाकाराने हिशोब करा: ०.१ मिलिमोलर चांदीच्या द्रावणात लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड झालं की सिल्व्हर क्लोराइड वेगळं पडायची मर्यादा ओलांडली. एवढ्याने गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच "पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघितला, काही झालं नाही" हा पुरावा मी मानत नाही. ती चाचणी फक्त फार वाईट पाणी पकडते.

दुसरा पुरावा कॅनडातून. विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये हाच प्रयोग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी बसवला. त्यात रंग मुद्दाम बदलायला पोटॅशियम ब्रोमाइड वापरतात, आणि ते किती? सुमारे साडेचौदा मिली द्रावणात १ मिलिमोलर ब्रोमाइडचे ४० मायक्रोलिटर घातले की निळ्याऐवजी पिवळा मिळतो. म्हणजे जेमतेम ३ मायक्रोमोलर. हॅलाइडमध्ये (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या कुटुंबात) क्लोराइड ब्रोमाइडपेक्षा सौम्य, पण तुमच्या पाण्यात ते काही मायक्रोमोलरवर थांबेल याची हमी कोण देणार?

क्लोराइड दोन ठिकाणी आडवं येतं. सुरुवातीला असेल तर वाढ अर्ध्यावर थांबते. द्रावण केशरी-लालवर अडकतं. नंतर आलं तर हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने ते प्लेटची टोकं खातं, कारण त्रिकोणाचे कोपरे सगळ्यात कमकुवत. त्रिकोणाच्या गोल चकत्या होतात, रंग निळ्यावरून जांभळ्याकडे आणि मग लाल-पिवळ्याकडे सरकतो.

आरओचं पाणी चालणार नाही. टीडीएस मीटर शून्य दाखवत असला तरी नाही. तो पूर्ण आकड्यांत मोजतो आणि आपला प्रश्न दशांशाच्या दुसऱ्या घरातला आहे. ऊर्ध्वपातित पाणी चालतं की नाही, ते त्या काचेच्या भांड्याच्या इतिहासावर अवलंबून. हवं ते १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचं पाणी, यंत्रातून त्याच दिवशी काढलेलं, पहिलं लिटरभर सोडून देऊन. प्लास्टिकच्या कॅनमध्ये आठवडाभर पडलेलं पाणी हे तेच पाणी नव्हे.

तपासायला खर्च नाही. दुसऱ्या विभागातून, शेजारच्या कॉलेजातून, अर्धा लिटर पाणी मागून आणा. त्यांच्या पाण्यात सगळी द्रावणं नव्याने करून एक बीकर, आपल्या पाण्यातला एक बीकर. त्यांच्या पाण्यात निळा आला की चर्चा संपली.

पीएच मीटर, भांडी, बीड

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडने भरलेला असतो आणि ते त्याच्या जोडातून सतत थोडं झिरपतं. तो चालतोच त्यामुळे. आता हिशोब: १ मायक्रोलिटर गळलं तर ३ मायक्रोमोल क्लोराइड आलं. तुमच्या २५ मिलीत चांदी आहे अडीच मायक्रोमोल. एक बारीकसा थेंब सगळ्या चांदीला पुरून उरतो. इलेक्ट्रोड प्रयोगाच्या बीकरात बुडवू नकाच, पण कुणीतरी सिट्रेटच्या साठ्याच्या बाटलीत तो बुडवून गेलंय का, हेही विचारा. पीएच बघायचाच असेल तर थोडं द्रावण वेगळं काढून बघा आणि ते टाकून द्या.

भांडी सौम्य नायट्रिक आम्लाने धुवा आणि शुद्ध पाण्याने भरपूर विसळा. सोन्याच्या कणांवर काम करणारे ॲक्वा रेजिया वापरतात, ते बघून इथेही तेच करू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. काचेवर राहिलेल्या चांदीचं क्लोराइड होऊन ते तिथेच चिकटून बसतं.

मॅग्नेटिक बीड (बीकरात फिरून द्रावण ढवळणारा, टेफ्लॉनने मढवलेला चुंबक) हाही गुन्हेगार निघतो. टेफ्लॉन करडं पडलेलं, चरे गेलेलं बीड म्हणजे जुन्या प्रयोगांतला धातू त्यात मुरलाय. तो नको तिथे कणांची वाढ सुरू करतो आणि पेरॉक्साइडचं विघटनही घडवतो. पेरॉक्साइड घातल्यावर, बोरोहायड्राइडच्या आधीच, बीडभोवती बुडबुडे दिसले तर बीड बदला. या प्रयोगासाठी एक नवं बीड वेगळं ठेवा आणि कुणाला देऊ नका.

पेरॉक्साइड

३० टक्के पेरॉक्साइड साधारण ९.८ मोलर असतं. उन्हात, उघडझाप करत, पिपेट थेट बाटलीत बुडवत वापरलेलं पेरॉक्साइड किती उरलंय ते लेबल सांगत नाही. कमी पडलं की पाडणारा हात अशक्त होतो आणि द्रावण पिवळंच राहतं. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं आणून पाचपट घालणं हा उपाय नव्हे. त्यात टिकावासाठी मिसळलेले पदार्थ असतात आणि ते काय करतील ते सांगता येत नाही.

मोजायला बीएस्सीचं टायट्रेशन पुरे. १ मिली पेरॉक्साइड १०० मिली करा. त्यातलं १० मिली घ्या, सौम्य सल्फ्युरिक आम्ल घाला आणि ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेट करा. बाटली चांगली असेल तर बुरेट १९-२० मिलीच्या आसपास थांबेल. १५ मिलीच्या खाली आलं तर नवी बाटली काढा. पेरॉक्साइड फ्रिजमध्ये, हवा सुटणाऱ्या मूळ झाकणाने. काढलेलं परत ओतायचं नाही. हातमोजे हवेतच, त्वचेवर पांढरे चटके पडतात.

बाकीच्या बाटल्या

सिट्रेटचं द्रावण खोलीत ठेवलं की त्याला बुरशी धरते. उजेडात धरून हलवा. तंतू दिसले की टाका. आणि बाटलीवर ट्रायसोडियम सिट्रेट आहे की सिट्रिक आम्ल, हे वाचा. आम्ल पडलं तर पीएच खाली जातो आणि बोरोहायड्राइड क्षणात संपतं.

सिल्व्हर नायट्रेटचा १० मिलिमोलर साठा गडद बाटलीत ठेवा. करडी झाक आली की नवा करा. पीव्हीपीच्या बाबतीत रेणुभार बघा. मूळ कृतीतलं २९,००० चं होतं, आपल्याकडे बहुधा ४०,००० चं मिळतं. तेही चालतं, पण अर्ध्या प्रकल्पात बाटली बदलली की रंगाची छटा सरकणार, हे गृहीत धरा.

स्पेक्ट्रम काढताना

रंगावरून जे कळत नाही ते यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, कळतं. ३०० ते १,१०० नॅनोमीटर स्कॅन करा. नुसतं ४०० च्या आसपास शिखर म्हणजे गोल कण, प्लेट नाहीत. ६०० च्या पुढे रुंद शिखर आणि ३३५ च्या जवळ एक बारीक, टोकदार शिखर असेल तर प्लेट आहेत. हे ३३५ चं छोटं शिखर चपटेपणाची खूण आहे. ते दिसत नाही म्हणून घाबरण्याआधी क्युव्हेट (नमुना भरायची छोटी पारदर्शक नळी) बघा: पॉलिस्टायरिनचं असेल तर ते साधारण ३४० च्या खाली प्रकाश जाऊच देत नाही. क्वार्ट्झ घ्या. द्रावण फिकट, जवळजवळ रंगहीन दिसत असेल तरी स्कॅन करा. कधीकधी प्लेट इतक्या मोठ्या झालेल्या असतात की शिखर अवरक्तात गेलेलं असतं. तो बिघाड नव्हेच.

वापरताना रंग उडतो तेव्हा

प्लेट छान झाल्या, जीवशास्त्र विभागाने नेल्या, आणि त्यांनी फॉस्फेट बफरमध्ये मिसळल्या. त्या बफरमध्ये १३७ मिलिमोलर मीठ असतं, सलाइनमध्ये १५४. वरचे मायक्रोमोलरचे आकडे आठवा. विहिरीच्या पाण्यात सेन्सर म्हणून वापरणाऱ्यांचंही हेच होतं. मीठ टाळता येत नसेल तर प्लेटच्या कडांना सोन्याचा पातळ थर द्यावा लागतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या गटाने २००९ मध्ये हे दाखवलं. पण ती वेगळी कृती आहे, आजच्या दुपारची दुरुस्ती नव्हे.

साठवण अंधारात, फ्रिजमध्ये, बाटली गळ्यापर्यंत भरून. खिडकीत ठेवू नका. सिट्रेट असताना उजेडानेही चांदीच्या कणांचा आकार बदलतो. मर्किन यांच्याच गटाने २००१ मध्ये नुसत्या प्रकाशाने गोल कणांचे त्रिकोण करून दाखवले होते. सेंट्रिफ्यूज करून पुन्हा पुन्हा धुऊ नका. सिट्रेट-पीव्हीपी निघून गेलं की प्लेट एकमेकींना चिकटतात आणि करडा गाळ उरतो. एकदा धुवा आणि साध्या पाण्याऐवजी पातळ सिट्रेटमध्ये परत पसरवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

शेजारच्या पाण्यात निळा येतो आणि तुमच्या पाण्यात नाही, एवढं ठरलं की पाण्याचं यंत्र स्वतः उघडू नका. रेझिन आणि फिल्टर बदलणं हे कंपनीच्या तंत्रज्ञाचं काम आहे.

कपाटात जुनी, काळी पडलेली अमोनिया मिसळलेल्या चांदीच्या द्रावणाची बाटली सापडली (टॉलेन्सची चाचणी करून कुणीतरी ठेवून दिलेली असते), तर तिला हात लावू नका, हलवू नका, झाकण फिरवू नका. त्यात हलक्या धक्क्यानेही फुटणारे पदार्थ तयार झालेले असू शकतात. खोली रिकामी करा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. बोरोहायड्राइडची भुकटी पेटली तरी पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचं यंत्र, आणि तेही आग छोटी असेल तरच. नाहीतर बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन.

वापरलेली द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत जमवा, झाकण सैल ठेवा, कारण उरलेल्या पेरॉक्साइडचा वायू सुटत राहतो, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा संस्थेकडे कॉलेजमार्फत जाऊ द्या.

आणि सगळं तपासून झालं, स्पेक्ट्रममध्ये ३३५ चं शिखर आहे, तरीही रंग दर खेपेला वेगळा येतोय, तर आता प्रत्यक्ष आकार बघायला हवेत. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम. आयआयटी मुंबईच्या सैफ (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांच्या) केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुनेही घेतात. आधी नोंदणी करावी लागते. नमुना पाठवताना चांगली बॅच आणि बिघडलेली बॅच दोन्ही पाठवा, आणि दोन्हींचे स्पेक्ट्रम सोबत जोडा. नुसती बिघडलेली पाठवलीत तर फोटो मिळतील, पण ते कशाशी ताडून बघायचे हा प्रश्न तसाच राहील.